अ‍ॅक्सलचे गुणोत्तर, मोठे टायर आणि दुर्गम वाटेवरील वाहनाचा इंधनखर्च : एक विवेचन

सारांश : दुर्गम वाटेवर चालणाऱ्या वाहनांना मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविले असता इंधनाचा खर्च वाढतो आणि अ‍ॅक्सलचे गुणोत्तर बदलले असता तो पुन्हा कमी होतो, असे सर्रास मानले जाते. प्रस्तुत लेखात जीप रँग्लर रुबिकॉन या अमेरिकी वाहनाच्या आधारे या समजुतीची तपासणी केली आहे. टायर व गुणोत्तर यांच्या बदलाने इंधनखर्च बदलतो हे खरे. परंतु त्याच बदलाने अंतर मोजणारे साधनही बदलते. त्यामुळे दिसणारी घट आणि दिसणारी वाढ या दोहोंतील बराच भाग मोजमापाचा असतो, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : अ‍ॅक्सल गुणोत्तर, क्राऊन-पिनियन, टायरचा व्यास, वायुरोध, टायररोध, ओडोमीटर, इंधनखर्च.

१. प्रस्तावना

'जीप' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो एका कंपनीच्या वाहनाचे नाव आहे याचा अनेकदा विसर पडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ पासून, अमेरिकेत तयार झालेली विलीज एमबी ही या वाहनांची पूर्वज होय. तिच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ४.८८ होते. सुमारे ६० अश्वशक्तीच्या लहानशा इंजिनाने चिखल, वाळू आणि चढ पार करावयाचे असल्याने एवढे मोठे गुणोत्तर आवश्यक होते. तिची वंशज असलेल्या रँग्लरची रुबिकॉन ही आवृत्ती २००३ च्या मॉडेलपासून मिळू लागली. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातील रुबिकॉन या खडकाळ वाटेवरून तिचे नाव ठेवलेले आहे.

अमेरिकेत ही वाहने घेणारे अनेक जण ३३ इंची टायर काढून ३५ वा ३७ इंची टायर बसवितात. नंतर 'गाडीचा अ‍ॅव्हरेज पडला' अशी तक्रार होते, आणि त्यावर उपाय म्हणून अ‍ॅक्सलमधील क्राऊन-पिनियन बदलण्याचा मोठा खर्च केला जातो. तो केल्यावर अ‍ॅव्हरेज सुधारल्याचे समाधानही व्यक्त होते. हे समाधान कितपत साधार आहे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. भारतातही रँग्लरची जुळणी पुण्याजवळील रांजणगाव येथे २०२१ मध्ये सुरू झाली, आणि मोठ्या टायरांचे आकर्षण आपल्याकडेही दिसते. त्यामुळे हा विषय सर्वस्वी परका नाही.

२. उद्दिष्टे

१) टायरचा व्यास व अ‍ॅक्सलचे गुणोत्तर यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२) मोठ्या टायरांमुळे इंजिनावर येणाऱ्या वाढीव भाराचा अंदाज घेणे.
३) इंधनखर्चातील खरा फरक आणि मोजमापाच्या त्रुटीतून दिसणारा फरक वेगळा करणे.

३. अभ्यासपद्धती

टायरची मापे आणि गिअरची गुणोत्तरे उत्पादकाने जाहीर केलेली घेतली आहेत. उर्वरित आकडे साध्या यामिकीच्या सूत्रांनी काढले आहेत. वजन, वायुरोध इत्यादींबाबत जेथे मूल्य गृहीत धरले आहे तेथे तसे नमूद केले आहे. विवेचन पेट्रोल इंजिन व आठ वेगांचा स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या, २०१८ च्या मॉडेलपासूनच्या रुबिकॉनवर आधारित आहे. तिला अमेरिकेत २८५/७० आर १७ मापाचे टायर आणि ४.१० गुणोत्तराचे अ‍ॅक्सल मिळतात.

४. गुणोत्तर म्हणजे काय

इंजिनाची गती गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टकडे आणि तेथून अ‍ॅक्सलमधील क्राऊन-पिनियनकडे जाते. पिनियन हे लहान चक्र शाफ्टबरोबर फिरते आणि क्राऊन हे मोठे चक्र चाकांना फिरविते. क्राऊनला ४१ व पिनियनला १० दाते असल्यास गुणोत्तर ४.१० होते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टला ४.१० फेरे घ्यावे लागतात. ४१ व ९ दात्यांनी ४.५६, तर ३९ व ८ दात्यांनी ४.८८ हे गुणोत्तर मिळते. गुणोत्तर जितके मोठे तितका चाकाला मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरविणारा जोर, अधिक आणि त्याच वेगासाठी इंजिनाचे फेरेही अधिक.

टायर मोठा केला की याच्या नेमका उलट परिणाम होतो. मोठे चाक एका फेऱ्यात अधिक अंतर कापते, त्यामुळे इंजिनाचे फेरे घटतात. त्याचबरोबर चाकाची त्रिज्या वाढल्याने जमिनीवर मिळणारा ओढण्याचा जोरही घटतो. सायकलच्या उदाहरणाने सांगावयाचे तर चढावर असतानाच मागचे लहान चक्र लागावे तसा हा प्रकार आहे.

टायरवरील २८५/७० आर १७ या खुणेत २८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७० ही रुंदीच्या शेकडा प्रमाणात भिंतीची उंची आणि १७ हा रिमचा इंचातील व्यास असतो. यावरून व्यास ८३१ मिलिमीटर, म्हणजे जवळपास ३३ इंच येतो. ३१५/७० आर १७ या मापाचा व्यास ८७३ मिलिमीटर येतो व व्यवहारात त्यास ३५ इंची म्हणतात. नाममात्र ३७ इंची टायर ९४० मिलिमीटरचा असतो. मूळ टायरच्या तुलनेत ही वाढ अनुक्रमे ५.१ आणि १३.१ टक्के आहे.

सर्वांत वरच्या गिअरचे गुणोत्तर ०.६७ घेऊन ताशी १०० किलोमीटर या खऱ्या वेगाला इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे काढले असता पुढील चित्र दिसते.

तक्ता क्र. १ : टायर, गुणोत्तर आणि इंजिनाचे फेरे

| टायर व अ‍ॅक्सल गुणोत्तर | मूळ टायरशी सममूल्य गुणोत्तर | ताशी १०० किमीला इंजिनाचे फेरे | खऱ्या १०० किमीला ओडोमीटरची नोंद |
|---|---|---|---|
| ३३ इंची, ४.१० | ४.१० | १७५४ | १००.० |
| ३५ इंची, ४.१० | ३.९० | १६७० | ९५.२ |
| ३५ इंची, ४.५६ | ४.३४ | १८५७ | १०५.९ |
| ३७ इंची, ४.१० | ३.६२ | १५५१ | ८८.४ |
| ३७ इंची, ४.८८ | ४.३१ | १८४६ | १०५.२ |

(शेवटचा स्तंभ प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजणाऱ्या आणि नव्याने न जुळविलेल्या ओडोमीटरसाठी आहे. भाराखाली टायर किंचित दबतो व त्याचा प्रत्यक्ष परीघ थोडा कमी असतो. तुलना गुणोत्तरांची असल्याने त्याचा येथे फारसा परिणाम होत नाही.)

तक्त्यातील तिसरी ओळ विशेष लक्षणीय आहे. २०२१ मध्ये उत्पादकाने स्वतःच एक्स्ट्रीम रीकॉन या नावाने ३५ इंची टायर देऊ केले, तेव्हा त्यांच्याबरोबर ४.५६ गुणोत्तर दिले. केवळ व्यासाची भरपाई करावयाची तर ४.३१ पुरेसे होते. उत्पादकाने त्याहून अधिक दिले, यावरून मोठ्या टायरचा परिणाम भूमितीपुरता मर्यादित नाही हे सूचित होते.

५. इंजिनावर येणारा वाढीव भार

सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना इंजिनाला मुख्यतः दोन रोधांवर मात करावी लागते. पहिला हवेचा, म्हणजे वायुरोध; दुसरा टायर जमिनीवर दबून पुन्हा फुगताना होणाऱ्या ऊर्जानाशाचा, ज्यास येथे टायररोध म्हटले आहे. मोठ्या टायरने वाहन उंचावते व त्याचे रुंद टायर हवेत अधिक उघडे पडतात. ३३ वरून ३७ इंचांवर जाताना वाहन सुमारे ५४ मिलिमीटर वर उचलले जाते. चिखलासाठी बनविलेल्या टायरची जाड भिंत आणि खोल, सुटे ठोकळे अधिक वाकतात, त्यामुळे टायररोधही वाढतो. येथे एक खुलासा आवश्यक आहे. इतर सर्व गोष्टी समान असतील तर मोठ्या व्यासाचे चाक अधिक सहज फिरते. बैलगाडीची चाके मोठी असण्याचे एक कारण हेच होय. इंधनखर्च वाढतो तो व्यासापेक्षा टायरच्या वजनदार बांधणीमुळे, रुंदीमुळे व नक्षीमुळे.

अंदाजासाठी पुढील मूल्ये गृहीत धरू. मूळ वाहनाचे वजन २१०० किलोग्रॅम, टायररोधाचा गुणांक ०.०१२, आणि वायुरोधाचा गुणांक व समोरील क्षेत्रफळ यांचा गुणाकार १.३५ चौरस मीटर. ३७ इंची टायरांनंतर वजन २१६० किलोग्रॅम, टायररोधाचा गुणांक ०.०१५ आणि वायुरोध ५ टक्क्यांनी अधिक. ताशी १०० किलोमीटरला एकूण रोध ८७२ न्यूटनवरून ९७४ न्यूटन होतो. वाढ सुमारे १२ टक्के. इंजिनापासून चाकापर्यंत ९० टक्के शक्ती पोहोचते असे धरल्यास सर्वांत वरच्या गिअरमध्ये इंजिनाकडून लागणारा टॉर्क पुढीलप्रमाणे येतो.

तक्ता क्र. २ : ताशी १०० किमीला इंजिनाकडून लागणारा टॉर्क (न्यूटन-मीटर)

| व्यवस्था | सपाट रस्ता | ३ टक्के चढ |
|---|---|---|
| ३३ इंची, ४.१० | १४७ | २५० |
| ३७ इंची, ४.१० | १८५ | ३०६ |
| ३७ इंची, ४.८८ | १५६ | २५७ |

या वाहनातील ३.६ लिटर इंजिनाचा कमाल टॉर्क ३५३ न्यूटन-मीटर आहे, परंतु तो ४८०० फेऱ्यांना मिळतो. १५५१ फेऱ्यांना त्याहून बराच कमी मिळतो. म्हणून ३७ इंची टायर व ४.१० गुणोत्तर अशा वाहनास साध्या ३ टक्के चढावरही वरचा गिअर सोडून खाली यावे लागते. चालक अ‍ॅक्सिलरेटर अधिक दाबतो, गिअरबॉक्स वारंवार वरखाली होतो आणि 'गाडीला दम नाही' अशी भावना होते. ४.८८ गुणोत्तराने चढावरील मागणी २५७ न्यूटन-मीटरवर, म्हणजे मूळ वाहनाच्या अगदी जवळ येते. गुणोत्तर बदलण्याचा खरा लाभ हा आहे.

इंधनाच्या दृष्टीने मात्र चित्र वेगळे आहे. पेट्रोल इंजिन कमी फेऱ्यांना व मध्यम ते जड भाराखाली अधिक किफायतशीर चालते, कारण अशा वेळी थ्रॉटलची झडप अधिक उघडी असते व हवा ओढून घेण्यात वाया जाणारे श्रम कमी होतात. या न्यायाने सपाट महामार्गावर ३७ इंची टायर व ४.१० गुणोत्तर ही जोडी, जोपर्यंत वरच्या गिअरमध्ये टिकते तोपर्यंत, ४.८८ पेक्षा किंचित कमी इंधन घेण्याची शक्यता आहे. चढउताराच्या रस्त्यावर हा लाभ गिअरच्या वरखाली होण्यात संपतो व ४.८८ सरस ठरते. दोन्ही बाबतीत फरक लहान आहे. वाढलेला १२ टक्के रोध मात्र कोणत्याही गुणोत्तराने कमी होत नाही. दात्यांची संख्या बदलून हवा विरळ होत नाही की टायर हलका होत नाही.

शहरी रहदारीत वायुरोध गौण ठरतो, परंतु वजन महत्त्वाचे होते. टायरचे वजन फिरत्या परिघाजवळ असते. त्यास पुढे नेण्याबरोबरच फिरवावेही लागते, म्हणून परिघावरील एक किलोग्रॅम वाहनातील जवळपास दोन किलोग्रॅमांइतका भार देतो. चार चाकांत वाढलेले ६० किलोग्रॅम प्रत्येक सिग्नलनंतर वेग घेताना फार तर १२० किलोग्रॅमांसारखे भासतात. ब्रेक लावताना ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

६. मोजमापाचा प्रश्न

आता या विषयातील सर्वाधिक दुर्लक्षित बाजूकडे वळू. ओडोमीटर प्रत्यक्षात रस्ता मोजीत नाही; तो फेरे मोजतो आणि ठरलेल्या परिघाने गुणून अंतर दाखवितो. १९९७ ते २००६ या काळातील टीजे पिढीच्या रँग्लरमध्ये ही मोजणी ट्रान्सफर केसच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टवरून होत असे, आणि टायर वा गुणोत्तर बदलल्यास तेथील प्लॅस्टिकचे लहान दंतचक्र बदलावे लागे. तक्ता क्र. १ मधील शेवटचे दोन स्तंभ एकाच प्रमाणात बदलतात याचे कारण हेच आहे. दोन्ही वस्तुतः दर किलोमीटरला शाफ्टचे किती फेरे होतात हेच सांगतात.

याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. मूळ टायरांवर वाहन ५० लिटरमध्ये ५०० किलोमीटर जाते, म्हणजे लिटरला १० किलोमीटर. ३७ इंची टायरांनंतर खरा अ‍ॅव्हरेज ९.०५ झाला असे मानू. ही घट ९.५ टक्के आहे व वर काढलेल्या वाढीव रोधाशी सुसंगत आहे. परंतु ओडोमीटर खऱ्या १०० किलोमीटरला ८८.४ च दाखवितो. त्यामुळे मालकाच्या वहीत ८.० ही नोंद होते. त्याला घट २० टक्के दिसते, म्हणजे खऱ्या घटीच्या दुपटीहून अधिक.

यानंतर तो ४.८८ चे क्राऊन-पिनियन बसवितो, पण ओडोमीटर जुळवीत नाही. इंधनखर्चात काहीही फरक पडला नाही, खरा अ‍ॅव्हरेज ९.०५ च राहिला, असे समजू. ओडोमीटर आता खऱ्या १०० किलोमीटरला १०५.२ दाखवितो, म्हणून वहीत ९.५ ही नोंद होते. आठावरून साडेनऊ ही १९ टक्क्यांची सुधारणा इंधनाचा एक थेंबही न वाचता झालेली असते. हे १९ टक्के कोठून आले हे शोधणे कठीण नाही : ४.८८ ला ४.१० ने भागल्यास १.१९ च येतात. सुधारणा इंजिनात झालेली नसून भागाकारात झालेली आहे.

नव्या पद्धतीच्या ज्या वाहनांत वेग प्रत्येक चाकावरील संवेदकावरून मोजला जातो, तेथे केवळ टायरच्या मापाचा परिणाम होतो व गुणोत्तराचा होत नाही. तेथे ३७ इंची टायरांची नोंद दोन्ही गुणोत्तरांना ८८.४ च राहील. वाहनाच्या नियंत्रकात नवे माप नोंदविल्यास ही त्रुटी जवळपास नाहीशी होते. म्हणून दोन वाहनमालकांच्या अनुभवांची तुलना करण्यापूर्वी त्यांच्या वाहनांत मोजणी कोठून होते आणि ती जुळविली आहे काय, हे विचारणे अगत्याचे ठरते.

त्रुटी केवळ हिशेबापुरती नाही. ओडोमीटर ८८.४ दाखवितो तेव्हा स्पीडोमीटरही त्याच प्रमाणात कमी वेग दाखवितो. काटा ८० वर असताना खरा वेग ९० च्या वर असतो. त्याच वेळी चाकाची त्रिज्या वाढल्याने ब्रेकच्या तितक्याच दाबाने जमिनीवर मिळणारा रोधक जोर सुमारे ११.६ टक्क्यांनी कमी होतो. अधिक वेग आणि कमी रोध या दोन्ही गोष्टी चालकाच्या नकळत एकत्र येतात.

७. दुर्गम वाटेवरील स्थिती

आतापर्यंतचे विवेचन पक्क्या रस्त्याचे झाले. मोठे टायर मुळात त्यासाठी नसतात. डांबरी रस्त्यावर टायररोधाचा गुणांक साधारण ०.०१० ते ०.०१५ असतो. सैल वाळूत तो ०.२ ते ०.३ पर्यंत जातो. २१०० किलोग्रॅमच्या वाहनास ०.२ या गुणांकाने ४१२० न्यूटन रोध होतो, म्हणजे महामार्गावरील एकूण रोधाच्या साडेचार पटींहून अधिक. येथे मोठा व्यास व कमी केलेली हवा यांनी टायरचा जमिनीवरील ठसा लांब होतो, चाक कमी रुतते आणि रोध घटतो. वाळूत मोठा टायर इंधन वाचवितोही.

खडकाळ वाटेवर किफायतीपेक्षा मंदगती महत्त्वाची. रुबिकॉनमध्ये पहिला गिअर ४.७१, अ‍ॅक्सल ४.१० आणि ट्रान्सफर केसचा खालचा टप्पा ४.०, यांचा गुणाकार ७७.२ येतो. इंजिन ७०० फेऱ्यांवर असताना, टॉर्क कन्व्हर्टरची घसरण सोडून दिल्यास, वाहन ताशी १.४२ किलोमीटर वेगाने सरकते. ३७ इंची टायरांनी हा वेग १.६१ होतो व जोर त्याच प्रमाणात घटतो; ४.८८ गुणोत्तराने तो १.३५ वर येतो. खडकावरून चाक अलगद उतरविताना हा फरक चालकास स्पष्ट जाणवतो. मात्र वर्षातील किती किलोमीटर वाळूत वा खडकात आणि किती डांबरी रस्त्यावर जातात, यावरच एकूण हिशेब अवलंबून राहतो. बहुतेक अंतर पक्क्या रस्त्यावर जात असल्यास वाळूतील बचत एकूण खर्चात दिसून येत नाही.

८. व्यावहारिक विचार

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनात पुढील व मागील दोन्ही अ‍ॅक्सलचे गुणोत्तर एकच असावे लागते; अन्यथा चारचाकी ओढ लावताच यंत्रणा स्वतःशीच झुंजते. म्हणून क्राऊन-पिनियनच्या दोन जोड्या बदलाव्या लागतात. हा खर्च इंधनाच्या बचतीतून वसूल होईल अशी अपेक्षा वरील आकड्यांवरून बाळगता येत नाही. तो चढावरील सुलभ चाल, गिअरबॉक्सवरील कमी ताण आणि मंदगतीवरील ताबा यांसाठी करावयाचा असतो. गुणोत्तर जसे वाढते तसे पिनियनचे दाते कमी व पिनियन लहान होते, त्यामुळे त्याच्या मजबुतीसही मर्यादा पडते.

भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांवर निर्बंध आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निर्णयात त्याचा काटेकोर अर्थ लावला आहे. म्हणून असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे आवश्यक ठरते.

ज्यांना खरा इंधनखर्च जाणून घ्यावयाचा आहे त्यांनी प्रथम उपग्रहाधारित स्थाननिर्देशकाने अथवा महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांवरून किमान ५० किलोमीटरचे अंतर मोजावे. खऱ्या अंतरास ओडोमीटरच्या नोंदीने भागून येणारा गुणक पुढील प्रत्येक नोंदीस लावावा. टाकी पूर्ण भरून पुन्हा पूर्ण भरेपर्यंतचा हिशेब त्याच मार्गावर अनेकदा घ्यावा. बदलापूर्वीच्या नोंदींनाही तोच न्याय लावावा, कारण मूळ ओडोमीटरही सर्वस्वी अचूक असतोच असे नाही.

९. निष्कर्ष

१) मोठ्या टायरांमुळे पक्क्या रस्त्यावरील इंधनखर्च खरोखर वाढतो, त्याची मुख्य कारणे वाढलेला वायुरोध, टायररोध व फिरते वजन ही आहेत.
२) अ‍ॅक्सलचे गुणोत्तर बदलल्याने इंजिन योग्य फेऱ्यांवर येते, परंतु वाढलेला रोध कमी होत नाही. इंधनाची मोठी बचत हा या बदलाचा हेतू मानणे योग्य नाही.
३) न जुळविलेला ओडोमीटर टायर बदलल्यावर नुकसान फुगवून दाखवितो आणि, शाफ्टवरून मोजणी होत असल्यास, गुणोत्तर बदलल्यावर लाभही फुगवून दाखवितो.
४) स्पीडोमीटरची त्रुटी व ब्रेकचा घटलेला जोर या सुरक्षिततेच्या बाबी आहेत, इंधनाच्या चर्चेत त्या मागे पडू नयेत.

१०. समारोप

हा विषय एका वाहनापुरता वाटला तरी त्यातील सूत्र सर्व विद्याशाखांना लागू पडणारे आहे. ज्या बदलाचा परिणाम तपासावयाचा आहे, तोच बदल मोजपट्टीलाही लांब वा आखूड करीत असेल, तर आधीचे व नंतरचे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. परीक्षापद्धती बदलल्यावर निकालाची टक्केवारी किंवा गणनेचे निकष बदलल्यावर एखादा आर्थिक निर्देशांक वाचताना हीच दक्षता लागते. पदवीच्या वर्गात गुणोत्तर व त्रुटी हे भाग शिकविताना विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या वाहनाचे हे उदाहरण घेता येईल. टायरवरील खूण वाचणे, व्यास काढणे आणि ओडोमीटरचा गुणक ठरविणे हा प्रयोग महाविद्यालयाच्या आवारात, कोणत्याही दुचाकीवरही, सहज करता येण्याजोगा आहे.